अकरा महिन्यांचे घरमालक

आमच्या घरमालकांसमोर उद्या प्रत्यक्ष ब्रह्मदेव उभा राहिला आणि म्हणाला, 'माग, तुला अमरत्व देतो', तर ते शर्टाची बटणं लावत आधी विचारतील, "अकरा महिन्यांचा भेटल काय?" माणसाची देवावर श्रद्धा असते, डॉक्टरवर असते, काहींची तर हवामानखात्यावरही असते. काकांची अकरा महिन्यांवर आहे. भाडेकराराचे अकरा महिने सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहेत, पण ते भाडेकरारापुरते. कागदावर सही करून माणसं ते विसरून जातात. काकांनी त्यांचं जीवनाचं तत्त्वज्ञान केलं. जगात काहीही घ्यायचं किंवा द्यायचं, ते अकरा महिन्यांसाठी. बारावा महिना लागला की वस्तू तुमची राहत नाही, तुम्ही वस्तूचे होता, असं त्यांचं मत आहे आणि ते मत त्यांनी मला गेल्या आठ वर्षांत इतक्या वेळा ऐकवलं आहे की झोपेतून उठवलं तरी मी त्यांच्या आवाजात म्हणून दाखवीन.

काकांची पाच मजली इमारत घणसोली गावात आहे. गाव म्हणजे जुनं गावठाण, पलीकडे टॉवर उभे राहिलेत ती घणसोली नव्हे. आमच्या गल्लीत दोन इमारतींमध्ये इतकं अंतर आहे की समोरच्या वहिनींनी एकदा आमच्या खिडकीतून हात घालून कढईतल्या भाजीत मीठ टाकलं होतं, तेही मी न विचारता, केवळ रंग बघून. अशा या इमारतीच्या तळाशी काका लाल प्लास्टिकच्या खुर्चीत लुंगी नेसून बसलेले असतात. भाडेकरूंची नावं ते लक्षात ठेवत नाहीत, कारण नाव लक्षात राहिलं की माया लागते. दुसऱ्या मजल्यावरचा तो 'पाववाला', चौथ्यावरची ती 'नर्स', आणि मी लोकांच्या वेबसाइटी करून देतो म्हणून 'कम्प्युटर'. "ए कम्प्युटर, पानी आयलाय, भरून घे," ही हाक ऐकून नवीन माणूस चक्रावतो. मला मात्र माझं खरं नाव कुणी घेतलं की आता परकं वाटतं.

टाकीची गोष्ट सांगतो, म्हणजे माणूस लक्षात येईल. गच्चीवर नवी पाण्याची टाकी बसवायची होती. दुकानदार म्हणाला, काका, ही घ्या, लाइफटाइम गॅरंटी आहे. काका टाकीभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, "लाइफ कोनाची? टाकीची का माझी?" दुकानदार हसला. काका हसले नाहीत. ते तिथून निघून दुसऱ्या दुकानात गेले आणि वर्षभराची गॅरंटी असलेली टाकी घेऊन आले. वर्ष म्हणजे एक महिना जास्तच होतो, पण तेवढं त्यांनी पोटात घातलं. भिंतीवरचं कॅलेंडर ते तीस नोव्हेंबरला उतरवतात. नवीन एक जानेवारीला लागतं. त्यामुळे डिसेंबर महिन्यात आमच्या इमारतीत तारीख नसते. पाववाल्याने एकदा विचारलं, "काका, आज कितवी?" काका म्हणाले, "नोव्हेंबर झाला ना? मंग थांब जरा."

या सगळ्याला मी बरीच वर्षं हसत होतो. मग एकदा बोलता बोलता त्यांनीच त्याचं कारण सांगितलं. या भागात भातशेती होती, खाडीकडे मिठागरं होती. नवं शहर व्हायचं ठरलं, जमिनी गेल्या. काका तेव्हा लहान होते. वडिलांनी एका कागदावर अंगठा उठवला. घरी येऊन त्यांनी विचारलं, "कागदावर काय लिवलाय?" शिकलेल्या कुणीतरी वाचून दाखवलं, त्यात 'कायमचे' असा एक शब्द होता. "तवापासना मना त्यो शब्द दिसला का मी कागद परत देतंव," काका म्हणाले, आणि लगेच उठून नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता.

करार संपण्याच्या दिवशी आमच्याकडे जो विधी होतो तो घणसोलीत दुसरीकडे कुठे होत असेल असं मला वाटत नाही. करार आता ऑनलाइन होतो, अंगठा यंत्रावर ठेवायचा, दहा मिनिटांचं काम. पण काकांच्या मते जुना करार संपला आणि नवा लागला, यांच्या मध्ये खोली खरोखर रिकामी व्हायला हवी. नाहीतर करार संपला हे खोलीला कसं कळणार? म्हणून भाडेकरूने घरातली निदान एक जड वस्तू बाहेर काढायची, कुलूप लावायचं, किल्ली काकांच्या हातात द्यायची आणि दहा मिनिटं जिन्यात उभं राहायचं. त्या दिवशी काका लुंगी सोडून पँट आणि पांढरा शर्ट घालतात. मी दर वेळी कुकर घेऊन उभा असतो. पहिल्या वर्षी मी कपाट काढायला निघालो होतो, तेव्हा त्यांनीच दया येऊन कुकर सुचवला. दहा मिनिटं झाली की ते मला पहिल्यांदाच बघत असल्यासारखं विचारतात, "खोली पाहिजे? फॅमिली हाय का एकटा?" मी म्हणायचं, एकटा. मग किल्ली मिळते आणि काकी चहा आणतात.

काकींविषयी आधीच सांगायला हवं होतं. काकी धवलारीण आहेत. आगरी लग्नात मांडव उभा राहण्यापासून नवरी सासरी जाईपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात, आणि ते म्हणणारी बाई ती धवलारीण. तेलाचा धवला वेगळा, हळदीचा वेगळा, पाठवणीचा वेगळा. वही नाही, कागद नाही, सगळं तोंडपाठ. काकींनी मांडवात आवाज लावला की डीजेवाला आपणहून वायर काढायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एकदा मी चेष्टेत त्यांना विचारलं, काकी, तुमचा आणि काकांचा करार किती महिन्यांचा? काकी म्हणाल्या, "इचार त्यानाच." काका खुर्चीतून न वळता म्हणाले, "हिचा मी दर अकरा महिन्यान मनातल्या मनान रिन्यू करतंव. हिला सांगत नाय, नायतर भाव वाढवल." काकी हसल्या आणि काकांच्या चहात त्या दिवशी साखर घालायला विसरल्या.

दोन वर्षांपूर्वी काकींच्या गळ्यात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागणार होतं आणि डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं की आवाजाचं काही सांगता येत नाही, येईल हळूहळू, कदाचित. काकांनी मला हाक मारली, "कम्प्युटर, हिचं सगलं धवलं भरून घे." आठ दिवस आम्ही माझ्या खोलीत रेकॉर्डिंग केलं. पंखा बंद, खिडकी बंद, जिन्यात काका पहारा करत बसलेले. त्या आठ दिवसांत इमारतीत कुणी कुकर लावला नाही, नर्सने तर शिंकही दाबून धरली असं ती सांगते. चाळीस धवले झाले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी कामाला गेलेलो असताना काकींना आणखी तीन आठवले, ते काकांनी स्वतःच्या मोबाइलवर भरून घेतले.

हे सगळं कुठे ठेवायचं, हा प्रश्न आला. व्हिडिओच्या फुकट साइटवर टाकू म्हटलं, तर काका भडकले. "तितं मदीच बनियानची जाहिरात येते. मांडवान नवरीला तेल लावतान, आनि बनियान?" मग स्वतःची वेबसाइट करायचं ठरलं. मी त्यांना समजावून सांगितलं की साइट करायची तर नेटवर कुणाच्या तरी कम्प्युटरवर जागा घ्यावी लागते, त्याला होस्टिंग म्हणतात, आणि ती जागा भाड्याने मिळते.

'भाड्याने' हा शब्द ऐकताच काका खुर्चीत ताठ बसले. आयुष्यभर मालक असलेला माणूस पहिल्यांदा भाडेकरू होणार होता. त्यांनी दोन दिवस त्या होस्टिंग कंपनीच्या प्लॅनचा जो अभ्यास केला, तो पाहून त्यांना मीच नोकरीला ठेवावं असं मला वाटलं. एक महिन्याचा प्लॅन महाग, वर्षाचा स्वस्त, चार वर्षांचा त्याहून स्वस्त. खाली बारीक अक्षरात, की हा दर पहिल्या मुदतीपुरता, नंतर वाढेल. ते बारीक अक्षर काकांनी भिंग लावून शोधलं आणि मांडीवर थाप मारली. "यो मालक पक्का हाय! पयले स्वस्तान घुसवतो, सामान लागला का भाडा वाढवतो. मी पन ह्याच करतंव!" शत्रूचं कौतुक करावं तसं ते दिवसभर त्या अज्ञात मालकाचं कौतुक करत होते.

मग त्यांनी मला कंपनीला फोन लावायला सांगितला आणि स्पीकरवर स्वतः बोलले. पलीकडे एक हिंदी बोलणारी गोड मुलगी होती.

"अकरा महिने का प्लान चाहिए."

"सर, एक महीना है, बारह है, अड़तालीस है."

"ग्यारह किधर गया?"

"सर, ग्यारह नहीं होता."

"मालिक को फोन दो."

"सर, मालिक यहाँ नहीं बैठते."

काकांनी माझ्याकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. जो मालक खाली खुर्ची टाकून बसत नाही तो कसला मालक, असा त्या नजरेचा अर्थ होता. मग त्यांनी विचारलं की लाइट-पाणी कसं आहे, जागा बंद तर पडत नाही ना. मुलगी म्हणाली, "सर, निन्यानवे पॉइंट नौ परसेंट टाइम चालू रहता है." काका म्हणाले, "बाकी का पॉइंट एक कब जाता है, वो टाइम बताओ. हम उस टाइम नहीं बजाएगा." पलीकडून दाबून धरलेला एक आवाज आला. मला वाटतं ती हसत होती.

मी त्यांना चार वर्षांचा प्लॅन घ्या म्हणून परोपरीने सांगितलं. हा माझा धंदाच आहे. जवळच्या पावणे आणि रबाळे औद्योगिक वसाहतींतल्या छोट्या छोट्या कारखानदारांना मी रोज हेच सांगत असतो. ज्याला साइट जमेल की नाही याची खात्री नाही त्याने महिन्या-महिन्याने घ्यावं, आणि ज्याला टिकवायची आहे त्याने लांबचं घ्यावं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि महिन्याचाच प्लॅन घेतला. तोही आपोआप चालू राहणारा नाही. दर पहिल्या तारखेला पांढरा शर्ट घालून ते स्वतः बटण दाबणार. मी वैतागून म्हटलं, "काका, अहो, धवले काय महिन्याभराने संपणार आहेत?"

"चार वरसां कनाला घेव?" काका अगदी सहज म्हणाले. "तवर तिचा गला सुटल. मंग ती सोताच गायल. या साइटचा काय काम मंग?"

त्यानंतर मी लांब मुदतीचा विषय काढला नाही.

ऑपरेशन तोवर नीट झालं होतं, गाठ साधी निघाली होती. काकी पंधरा दिवसांत पुन्हा पापलेट कापायला बसल्या. आवाज मात्र कुजबुजीच्या एक पायरी वर येऊन थांबला. बोलता येत होतं, गाता येत नव्हतं. साइट मात्र जोरात चालली. काकींच्या हाताखाली शिकणाऱ्या दोन-तीन बाया होत्या, त्या लग्नाच्या आदल्या दिवशी मोबाइल कानाला लावून उजळणी करायच्या. शेजारच्या गोठिवली गावातल्या एका घरात तर धवलारीण मिळेना, तेव्हा त्यांनी मोबाइलला हळदकुंकू वाहून त्याच्यावर सगळे विधी केले. हे काकींना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझा मानाचा नारल मोबाइलला दिला का काय?" काका दर पहिल्या तारखेला बटण दाबायचे आणि काकींना विचारायचे, "कसा हाय आज गला?" काकी म्हणायच्या, "हाय तसाच."

असे अकरा महिने गेले. आता जे झालं त्यात माझीही चूक आहे. अकरा महिने पूर्ण होताहेत हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मी त्या दिवशी पावण्यात, रबरी वॉशर बनवणाऱ्या एका कारखान्यात, वॉशरचे फोटो काढत होतो. सकाळी अकराच्या सुमाराला काकांचा फोन आला.

"कम्प्युटर, खोली खाली केली. पन आता मना आत घेत नाय."

मला क्षणभर वाटलं पाववाल्याशी भांडण झालं. मग उलगडा झाला. अकरा महिने झाले म्हणजे काकांच्या लेखी करार संपला, म्हणून त्यांनी पांढरा शर्ट घातला, मोबाइलवर कंपनीचं पान उघडलं आणि प्लॅन बंद करायचं बटण शोधून काढलं. "इंग्लिशन कायतरी दोन वेला इचारलान, मी दोन वेला येस केला." मग घड्याळ लावून दहा मिनिटं बसले. सामान खोलीतच होतं, पुन्हा किल्ली घेतली की झालं, असा त्यांचा हिशोब. दहा मिनिटांनी साइट उघडली तर पांढरा पडदा. त्या इंग्रजीत काय विचारलं असणार हे मला तिथे वॉशरच्या ढिगासमोर पाठ होतं. तुमचा सगळा डेटा पुसला जाईल, चालेल ना?

मी फोनवरच सांगितलं, घाबरू नका, चाळीस धवले माझ्याकडे आहेत. काका म्हणाले, "आनि माझं तीन?" ते तीन त्यांनी स्वतः साइटवर चढवले होते, मीच शिकवलं होतं. चढवल्यावर, जागा भरली म्हणून मोबाइलमधून पुसून टाकले. आणि त्यातला तिसरा पाठवणीचा होता. काकींचा शेवटचा मोकळा आवाज त्या तिसऱ्या धवल्यात होता आणि त्याची दुसरी प्रत जगात कुठेही नव्हती.

मी घरी पोचलो तेव्हा काका लाल खुर्चीत नव्हते. ते जिन्यात, मी कुकर घेऊन उभा राहतो त्याच पायरीवर बसले होते. शर्टाची इस्त्री तशीच होती. "दहाच मिनिटं रं," ते म्हणाले. "सगल्यांना दहा मिनिटांनी आत घेतला मी. कोनाला परत पाठवला नाय." त्या माणसाला मी असं कधी पाहिलं नव्हतं आणि पुन्हा पाहायची इच्छा नाही.

मी कंपनीला फोन लावला. या वेळी दुसराच मुलगा होता. तो शांतपणे म्हणाला की बंद केलेल्या साइटची प्रत त्यांच्याकडे काही दिवस असते, नवा प्लॅन घेतलात की तीन-चार तासांत परत बसवून देऊ. मी ते काकांना मराठीत सांगितलं, तेव्हा त्यांनी डोळे पुसले आणि ते लगेच मूळ पदावर आले. "बग, मालक चांगला हाय. डिपॉझिट बुडवत नाय. एक महिन्याचा घे परत."

तेव्हा काकी दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ओरडता येत नसल्यामुळे त्या हळू बोलतात, आणि हळू बोलल्यामुळे सगळे गप्प होऊन ऐकतात.

"एक महिन्याचा नको," काकी मला म्हणाल्या. "मोठा घे."

"कनाला? तुझा गला—"

"माझा गला नाय येयाचा. मना ठाव हाय. तुमाला पन ठाव हाय." मग त्यांनी काकांच्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं. "आता मी तितं रव्हतंव. मना दर अकरा महिन्यान भायेर काढशीला?"

काकांनी मोबाइलकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर नर्सचा मिक्सर चालू झाला आणि बंद झाला. काका उठले, शर्ट खाली ओढून नीट केला आणि मला म्हणाले, "ह्यांचा सगल्यात लांब किती हाय?"

"अठ्ठेचाळीस महिने."

"घे."

त्यांनी कसली घासाघीस केली नाही, मालकाला फोनवर बोलावलं नाही. दुपारी चारला साइट परत उभी राहिली. काकांनी आधी पाठवणीचा धवला लावून पाहिला, तो अर्धा ऐकला आणि बंद केला. पडद्यावर प्लॅनची मुदत कधी संपणार ती तारीख दिसत होती, चार वर्षांनंतरची. एवढ्या लांबची तारीख त्यांनी बहुधा पहिल्यांदाच आपली म्हणून पाहिली. "तवर मी नसलो तं बटन कोन दाबल?" त्यांनी विचारलं. मी काहीतरी म्हणालो, तुम्हाला काय होतंय वगैरे. त्यांनी ते ऐकलं नाही. ते माझ्याकडे एखादी खोली पारखावी तसे बघत होते.

दोन महिन्यांनी माझा करार संपला. मी रिवाजाप्रमाणे कुकर बगलेत मारला, कुलूप लावलं आणि जिन्यात उभा राहिलो. काका आले. किल्ली घेतली नाही. म्हणाले, "जा, ठेव त्यो कुकर आत." नवा कागद त्यांनी पुढे केला, त्यात मुदतीच्या जागी अठ्ठेचाळीस महिने लिहिलं होतं. मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. "साइटला चार वरसां घेतली," काका दुसरीकडे बघत म्हणाले, "तिला बगनारा नको? तू गेलास तं मी कोनाला सांगू?" आणि मग, आठ वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मला माझ्या नावाने हाक मारली. लक्षात होतं तर. एवढी वर्षं त्यांनी ते मला कळू दिलं नव्हतं. खरं सांगायचं तर ती जिन्यातली दहा मिनिटं मी आता हरवून बसलो आहे आणि अकरा महिने भरले की हात उगाच कुकरकडे जाईल, असं मला वाटतं.

पहिल्या तारखेला आता काही दाबायचं नसतं. तरी काका पांढरा शर्ट घालून लाल खुर्चीत बसतात, साइट उघडतात आणि एक धवला लावतात. काकी मागे उंबऱ्यात बसून मासे साफ करत असतात. मोबाइलमधून त्यांचा जुना, मोकळा आवाज गल्लीभर जातो आणि इकडे काकींचे ओठ त्याच्याबरोबर हलतात, आवाज न करता. धवला संपला की काका विचारतात, "कसा हाय आज गला?"

काकी म्हणतात, "चांगला हाय."